लसूणघासात उतरलेल्या भोरड्या

"मला परत धाड," आप्पा म्हणाले, तेव्हा त्यांना ओमानमध्ये, सोहारला माझ्याकडे येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. तिकीट महिन्यानंतरचं होतं आणि माझा बेत त्याहून लांबचा होता. व्हिसा वाढवून घ्यायचा आणि इथला उन्हाळा सुरू होईपर्यंत त्यांना जाऊ द्यायचं नाही. आई दिवाळीच्या आधी गेली होती. गावाकडच्या घरात ते एकटेच. जमीन वाट्यानं दिलेली, म्हणजे रानातही काम नाही.

"तिथं जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"बांधावर बसीन."

"मग इथं गॅलरीत बसा की."

"गॅलरीतनं काय दिसतंय? मोटारी."

खोटं नव्हतं ते. मी सकाळी सहाला प्लांटवर जायची. ॲल्युमिनियमच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. नवरा पोर्टवर, लेक शाळेत. दुपारपर्यंत घरात आप्पा एकटे. सत्तरीतला माणूस, पण काटक. जन्मात रिकामा बसलेला नाही. त्यांनी पहिल्या दिवशी अंगण झाडलं. दुसऱ्या दिवशी पाकिटातली स्वच्छ तूरडाळ ताटात ओतून निवडली. खडा सापडला नाही म्हणून त्यांचं तोंड उतरलं. तिसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या सगळ्या पिशव्यांच्या घड्या करून ठेवल्या. चौथ्या दिवशी करायला काही उरलं नाही, आणि पाचव्या दिवशी परत धाड म्हणाले.

त्यातून त्या वर्षी थंडी जायला तयार नव्हती. आमच्याकडे मार्चच्या मध्यापर्यंत एसी सुरू झालेले असतात. त्या वर्षी मार्च संपत आला तरी सकाळी स्वेटर लागत होता. उत्तरेचा वारा थांबत नव्हता, दोनदा पाऊस येऊन गेला, डोंगराकडे गारा पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. प्लांटवरचे इथले लोक चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभे राहायचे आणि असं कधी बघितलं नाही म्हणायचे. आप्पा सोलापूरहून आणलेली चादर पांघरून बसायचे आणि म्हणायचे, "वाळवंट म्हणं! हितं तर माझी बोटं आखडत्यात."

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, लेक अंगणातून ओरडली, "मम्मा, लवकर ये! सो मेनी बर्ड्स! पिंकवाले!"

आम्ही बाहेर आलो. घरामागच्या विजेच्या तारा पाखरांनी वाकल्या होत्या. तारांवर मावली नाहीत ती खजुरांवर, आणि तिथं मावली नाहीत ती हवेत. चादर झटकावी तसा थवा एकदम वळायचा, काळा दिसायचा, पुन्हा वळला की गुलाबी. आवाज तर असा, की शाळेची मधली सुट्टी झालीय.

आप्पांनी एकदाच वर बघितलं.

"भोरड्या," ते म्हणाले. एसटी स्टँडवर अचानक गावचं माणूस भेटावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. "आरं तिच्या! ह्या अजून हितंच? शिमगा झाला की ह्या वर जात्यात. थंडीनं अडकल्यात बघ."

लेकीनं फोनवर शोधून सांगितलं, "रोझी स्टारलिंग."

"तुझ्या फोनात काय बी म्हन, बाय. भोरडी हाय ती."

ज्यांचं लहानपण जोंधळ्याच्या मुलखात गेलं नाही, त्यांना ही गुलाबी मैना सुंदर दिसते. मला ती सुंदर दिसायला चाळिशी उजाडावी लागली. आमच्याकडे शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरायचे आणि तासाभरात कणसांची नुसती बोंडं ठेवायचे. म्हणून रानाच्या मधोमध चार लाकडं रोवून माळा बांधायचा. त्यावर उभं राहून डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या, गोफण फिरवायची. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. आमच्या घरी हे काम माझं होतं. पुस्तक माळ्यावर न्यायची, पण चार ओळी वाचल्या की थवा यायचा.

सातवीत माझ्या गुरुजींनी मला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं. परीक्षा तालुक्याला, रविवारी. त्या सकाळी गुरुजी स्वतः सायकल घेऊन मला न्यायला थेट रानात आले. मी माळ्यावर होते. आप्पा खाली उभे होते. "पाखरं हायती, गुरुजी," ते म्हणाले, "आज न्हाई जमायचं." गुरुजींनी वर माझ्याकडे बघितलं, सायकल वळवली आणि गेले. मी दिवसभर गोफण फिरवत राहिले.

पुढे मी शिकलेच. दहावी, बारावी तालुक्याला, सोलापूरला राहून बी.एस्सी., मग एम.एस्सी. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान आहे. तो मी लपवत नाही. पण त्या रविवारबद्दल मी आप्पांना एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. पदवी घेतली त्या दिवशी ते नवी टोपी घालून आले होते. मला वाटलं, आज बोलतील. ते म्हणाले, "जेवलीस का?"

तर त्या शुक्रवारी थवा आमच्या घरामागे उतरला. तिथं एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाचं शेत आहे. थोडे खजूर, लिंबाची झाडं, शेळ्या, शेळ्यांसाठी लसूणघासाचे वाफे, आणि दोन बॅडमिंटन कोर्ट बसतील एवढा गव्हाचा तुकडा. तो गहू ते घरच्या खाण्यासाठी, हौसेनं करतात. थंडीमुळे गहू अजून चिकातच होता. शेतावर काम करणारे एक बांगलादेशी काका त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात, म्हणून आम्हीही अर्बाबच म्हणतो.

आप्पा कुंपणाच्या भिंतीवर हात ठेवून बघत होते.

"गव्हाला राखण न्हाई कुनी?"

"नाही वाटतं."

"असं कसं? एवढी पाखरं, आन् राखण न्हाई?"

त्यांचे डोळे बघून मला काय करायचं ते कळलं. मी तशीच पलीकडे गेले. अर्बाबना मोडकंतोडकं हिंदी येतं. मी सांगितलं की माझे वडील गावाहून आलेत, पिकावरची पाखरं हाकण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नव्हता, तुमचा गहू ते राखतील. हे सांगताना मला बरं वाटत होतं. वडिलांबद्दल परक्या माणसाला अभिमानानं सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडे होतं.

अर्बाबनी थव्याकडे बघितलं. मग भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या आप्पांकडे बघितलं. छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाबा मेहमान है. ये घर बाबा का है. इन्शाल्ला."

इतकी वर्षं इथं काढून मला इन्शाल्लाचे सगळे अर्थ कळतात, असा माझा समज होता. मी तो होकार धरला.

आधी कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, झाला. आप्पांना माहीत नव्हतं, की बस झालं हे सांगायला रिकामा कप हलवायचा असतो. तो हलवला नाही तर यजमान भरतच राहतो. अर्बाब ओतत राहिले, आप्पा पीत राहिले. सातव्या कपाला मला कानात म्हणाले, "ह्यो मानूस थांबतोय का न्हाई? न्हाई म्हनलं तर वाईट वाटंल त्याला." मी हसून त्यांचं मनगट धरून कप हलवला. तेव्हा मला फक्त गंमत वाटली. दोन म्हातारे एकमेकांना नाही म्हणू शकत नाहीत, एवढं साधं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा कामावर. कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीची त्यांनी अर्ध्या तासात गोफण विणली. दगड मारायचा नाही, शेजारी गाड्या असतात, असं मी बजावलं होतं. "धोंडा कशाला लागतोय?" ते म्हणाले, आणि रिकामी गोफण डोक्यावर फिरवून अशी फटकारली, की बंदुकीसारखा आवाज झाला. सगळा थवा भर्रकन उठला. मग हाळी. "हाऽऽ हुऽऽऽ हाऽऽ!" सोहारच्या त्या शांत वस्तीत ही हाळी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तेलाचा पाच लिटरचा डबाही त्यांनी मिळवला. पाखरं गव्हात उतरोत की लसूणघासात, खजुरावर बसोत की भिंतीवर, आप्पा त्यांना टेकू देत नव्हते.

लेकीला ते आवडलं नाही. "आजोबा, त्यांना का स्केअर करता? ते किडे खातात. मी वाचलंय, खरंच."

"किडं खात्यात, दानं बी खात्यात. पाखराला काय पोटाला एकच गोष्ट चालती व्हय?"

"पण मम्मा, इट सेज..."

"आजोबांना शिकवू नकोस," मी म्हणाले. "त्यांनी आयुष्य काढलंय त्यात."

मला त्या वेळी लेकीचं वाचणं नको होतं. आप्पा आता दोन भाकरी खात होते. रात्री गाढ झोपत होते. परत धाड हे शब्द त्यांच्या तोंडून आठवडाभर आले नव्हते. मी व्हिसा वाढवण्याचा अर्ज तयार केला आणि त्यांना विचारायची योग्य वेळ शोधू लागले. पाखरंही कमी झाली. मग दिसेनाशीच झाली. आप्पा म्हणाले, "गेली. हिकडची भोरडी लई भित्री." त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

त्यानंतर चारेक दिवसांनी संध्याकाळी मी लिंबं आणायला शेतावर गेले. बांगलादेशी काकांनी लिंबं पिशवीत भरली आणि पिशवी हातात न देता तसेच उभे राहिले.

"मॅडम, एक बात बोलूँ? गुस्सा मत होना."

"बोलो ना."

"बाबा को बोलो, चिड़िया को आने दे. अर्बाब शरम से नहीं बोलता. मेहमान है ना, बुज़ुर्ग है. लेकिन देखो."

त्यांनी मला लसूणघासाकडे नेलं. कडेचा एक वाफा सोडला तर वाफ्यांना पानं नव्हती. नुसत्या काड्या, आणि काड्यांवर हिरव्या अळ्या. पाऊल टाकलं की बुटाखाली चिरडायच्या. थंडी आणि पावसानं यंदा अळी फार झाली होती, काका सांगत होते. त्यात ही पाखरं आली, तेव्हा अर्बाबनी हात वर करून शुक्र मानला होता. पाखरं घास साफ करत होती. आणि मग मी आले.

"दवा नहीं मारता?" मी विचारलं.

"दवा मारेगा तो बकरी क्या खाएगा?"

पलीकडच्या वाफ्यात अर्बाब स्वतः उकिडवे बसून, एकेक अळी वेचून डब्यात टाकत होते. त्यांनी मान वर करून मला बघितलं आणि छातीवर हात ठेवला. मला माफी मागायची होती. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "बाबा कैसा है? तबियत ठीक?"

घरापर्यंतची शंभर पावलं मी फार हळू चालले. न सांगता भागलं असतं. पाखरं गेली, राखण संपली, एवढंच म्हणायचं. घरी पोहोचल्यावर नवराही तेच म्हणाला. "कशाला सांगतेस? महिनाभर आलेत बिचारे." पण मला तसं जमत नाही. आणि माझ्या शब्दावर अर्बाब गप्प बसले होते. ही चूक अर्धी माझी होती, ती मी एकटीनं गिळून टाकली असती तर आप्पांना मी पाहुणाच करून टाकलं असतं.

आप्पा अंगणात गोफणीचा उसवलेला पदर नीट करत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. लसूणघास, अळी, शेळ्या, अर्बाबचा संकोच.

त्यांनी गोफण खाली ठेवली.

"तिकीट कधीचं हाय?"

"नऊ दिवस राहिलेत."

"बरं."

एवढंच. मी व्हिसाचा अर्ज बॅगेतून काढला नाही. मला वाटलं, संपलं. आता नऊ दिवससुद्धा थांबायचे नाहीत.

सकाळी साडेपाचला मी चहा ठेवला तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली. क्षणभर मला वाटलं, माणूस चालतच निघाला की काय. मग मागच्या भिंतीवरून डोकावले.

लसूणघासात दोन म्हातारे उकिडवे बसले होते. एकाच्या अंगावर पांढरा पायघोळ डिशडाशा, एकाच्या अंगावर बंडी आणि धोतर. मध्ये एका वाफ्याचं अंतर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलायला भाषाच नव्हती. आप्पांच्या हातात तोच तेलाचा डबा होता, जो ते आठवडाभर बडवत होते.

मी ऑफिसच्या कपड्यांतच पलीकडे गेले.

"आप्पा, थंडी आहे. चला, चहा घ्या."

"तिकीट म्होरं ढकलता येतंय का?" त्यांनी मान वर केली नाही.

"येतं."

"मग ढकल. घास फुटून वर आल्याबिगर मी जायाचा न्हाई. माझ्यामुळं झालंय."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"ठावं हुतं," ते म्हणाले. "दोन दिसांतच ठावं झालं. गव्हाच्या एका वंबीला चोच लागलेली नव्हती. कुसळाच्या गव्हात भोरडी कशाला जाती? घासात उतरत हुती, घासात काय दानं असत्यात व्हय? मला दिसत हुतं समदं. पर हात थांबंना. लई दिसांनी कायतरी काम गावलं हुतं."

एक अळी डब्यात पडली. डब्याचा तळ झाकला गेला होता.

"त्या ऐतवारीबी तसंच," ते म्हणाले.

कुठल्या रविवारी, हे मी विचारलं नाही. तीस वर्षं उलटून गेली होती, पण आमच्या दोघांत रविवार एकच होता.

"शाळू काढून झाला हुता. मधल्या चार-सहा काकऱ्या तेवढ्या उभ्या हुत्या. पाखरांनी त्या खाल्ल्या असत्या तरी काय बी बिघडलं नसतं. मी राखलं असतं तरी झालं असतं. गुरुजी आलं, आन् मला वाटलं, पाखरं हायती, पोरगी माळ्यावर हाय, आता खाली कशी उतरवायची? एवढंच. दुसरं कायबी डोक्यात नव्हतं." त्यांनी हात धोतराला पुसले. "तुला माळ्यावर ठेवायला नको हुतं."

या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती, आणि त्याला उत्तरं तरी किती तयार ठेवली होती. काही रागाची, काही मोठ्या मनाची. जाऊ द्या आप्पा, काही बिघडलं नाही, शिकलेच ना मी. हे म्हणणं सोपं होतं. पण काल संध्याकाळी मी त्यांना खरं सांगितलं होतं, आणि आज ते मला खरं सांगत होते.

"नको होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पलीकडे अर्बाबनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. त्यांना शब्द कळले नसतील, पण मध्ये बोलायचं नाही, एवढं त्यांना कळलं असावं.

थोड्या वेळानं आप्पांनी बाजूला पडलेला एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवला.

"धर. त्या कडंच्या वाफ्यातल्या तू येच. पानाच्या खालच्या अंगाला बघ, वर दिसत न्हाईत."

"मला प्लांटवर जायचंय, आप्पा."

"जा की. न्हाई कोन म्हनतंय?"

साडी असती तर मी पदर खोचला असता. पँट दुमडली, बूट काढले आणि बसले. गार मातीत पाय ठेवायला बरं वाटत होतं. अळ्या खरंच पानांच्या खालच्या बाजूला होत्या. वाफा अर्धा झाला तेव्हा ऊन अंगावर आलं. त्या उन्हात पहिल्यांदाच थोडी धग होती.

त्या दिवशी मी कामावर पाऊण तास उशिरा पोहोचले. सुपरवायझरनं कारण विचारलं, तेव्हा वडिलांचं काम होतं, असं सांगितलं.

व्हिसा वाढला आणि तिकीट तीन आठवडे पुढे गेलं. भोरड्या परत आल्या, पण दोनच दिवस. थव्याचा एक लहानसा तुकडा घासात उतरला. आप्पा भिंतीला टेकून बघत उभे राहिले आणि लेक त्यांच्या शेजारी, तोंडावर बोट ठेवून. मग एकाएकी उन्हाळा सुरू झाला, एसी लागले, आणि तारा रिकाम्या झाल्या. तोवर घासाला नवी पालवी फुटली होती.

आप्पा निघायच्या सकाळी अर्बाब कहवा घेऊन स्वतः आमच्या दारात आले. आप्पांनी दोन कप घेतले आणि रिकामा कप हलवला.